पाहुण्याला बोलू द्या : मराठी शिकायला सोलापुरात आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नव्या सोबत्यांसाठी

परदेशातली मुलं सोलापुरात मराठी शिकायला येतात म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "पुणं सोडून इथं कशाला?" प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. कुणी वारीवर अभ्यास करत असतं, कुणी कापडाच्या धंद्यातल्या कामासाठी आलेलं असतं, कुणाचं लग्न इथल्या घरात झालेलं असतं आणि सासूशी धड बोलता यावं एवढीच इच्छा असते. सकाळचे दोन-अडीच तास वर्गात व्याकरण आणि वाचन होतं. उरलेला दिवस गावाचा. त्या वेळात त्यांच्याबरोबर हिंडायला आम्ही इथलीच माणसं घेतो: कॉलेजची मुलंमुली, गृहिणी, निवृत्त शिक्षक. त्यांना आम्ही सोबती म्हणतो. पहिल्यांदाच सोबती होणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. आपल्या गावात कुणाला असं काम सुरू करायचं असेल तर त्यांनाही उपयोग व्हावा.

सुरुवातीला माझ्या हातून झालेली चूक सांगते. दुसऱ्या वर्षी मी अकरा विद्यार्थ्यांना घेऊन एका दिवसात विजापूर करून आले. गोलघुमट, इब्राहिम रोजा, तोफ, बाजार, सगळं दाखवलं. १६५६ साल, मुहम्मद आदिलशहा, घुमटाखाली कुजबुजलेला शब्द समोरच्या टोकाला कसा ऐकू येतो, सगळं समजावून सांगितलं. परतीच्या गाडीत सगळे झोपले होते तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सकाळी सहापासून मराठी बोललं ते फक्त मी. मुलांनी दिवसभरात "हो", "छान" आणि "पाणी" एवढंच म्हटलं होतं. शंभर किलोमीटर जाऊन मी त्यांना वर्गातच बसवून आणलं होतं.

त्या दिवसापासून आमचा नियम एकच: विद्यार्थ्याचं काम विद्यार्थ्याने करायचं, सोबत्याने दोन पावलं मागे उभं राहायचं. तो अडला तर मनात दहा आकडे मोजायचे आणि मगच तोंड उघडायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्यासारख्या पाहुणचाराची सवय असलेल्या माणसांना हेच सगळ्यात अवघड जातं.

निघण्याआधी काय विचारून घ्यायचं

पहिल्या भेटीतच, फोनवर नव्हे तर समोर बसून, तीन गोष्टी विचारा: काय खाता येत नाही, कोणतं औषध चालू आहे, आणि कशाची भीती किंवा संकोच वाटतो. उत्तरं वहीत लिहून घ्या.

खाण्याचा प्रश्न सोलापुरात फार गंभीर आहे, कारण इथं शेंगदाणा कुठं नसतो? चटणीत, भाजीच्या रश्श्यात, पोळीत, कोशिंबिरीत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या ती जिवावर बेतू शकते. आमच्या एका विद्यार्थिनीने पुस्तकातून "मला शेंगदाणा चालत नाही" हे वाक्य नीट पाठ केलं होतं. एका घरी जेवताना काकूंनी प्रेमाने "ही शेंगाची चटणी घे" म्हणून वाढली. तिला वाटलं, शेवग्याच्या शेंगा. घास तोंडाजवळ गेला होता, सोबतीने हात धरला म्हणून निभावलं. आपल्याकडे शेंगा म्हणजे भुईमूग, हे पुस्तकात नसतं. तेव्हापासून ज्याला ॲलर्जी आहे त्याच्या जेवणाचं यजमानांशी आदल्या दिवशी सोबतीच स्पष्ट बोलते. इथं मात्र दहा आकडे मोजायचे नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स प्रत्येकाच्या पिशवीत असू द्या. परदेशी पाहुणा तुमच्या घरी मुक्कामाला राहणार असेल तर यजमानाला त्याची ऑनलाइन नोंद चोवीस तासांच्या आत करावी लागते. ती न करता कुणालाही रात्री ठेवून घेऊ नका. पुरातत्त्व खात्याच्या बऱ्याच वास्तूंमध्ये परदेशी पर्यटकांचं तिकीट आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. ते आधी सांगा, नाहीतर खिडकीपाशी त्यांना अपमान झाल्यासारखं वाटतं. बऱ्याच जणांकडे यूपीआय नसतं, म्हणून दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा बरोबर ठेवायला लावा.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतरच बाहेर पडायचं. देवळात जायचं असेल तर खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. उन्हाळ्यात पायमोजेही बरोबर घ्या; दुपारी देवळाची फरशी पाय ठेवू देत नाही.

पहिली फेरी : तळ्याकाठी एक तास

पहिल्या आठवड्यात लांब नेऊ नका. संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्यावर न्या. पाण्याच्या मधोमध देऊळ, शेजारी भुईकोट किल्ल्याचा तट, आणि पायऱ्यांवर बसलेली गावातली माणसं. बघायला भरपूर आहे, पण आपण त्यासाठी आलेलो नाही. विद्यार्थ्याने दारातल्या फुलवालीकडून हार घ्यायचा, चपला कुठं ठेवायच्या ते विचारायचं आणि पायरीवर एखाद्या आजींना "इथं बसू का?" म्हणायचं. या तीन कामांवर पहिला तास संपतो.

आजी पुढे काय विचारणार ते मात्र आधीच शिकवून ठेवा. गाव कुठलं? लग्न झालं का? घरी कोण कोण असतं? पगार किती? जेवलात का? बाहेरून आलेल्याला हे फार खासगी वाटतं. एक विद्यार्थी मला म्हणाला होता, "त्या बाई पोलिसांसारखं का विचारत होत्या?" त्याला समजावलं, की हे प्रश्न म्हणजे आपल्याकडे बसायला चटई टाकणं आहे. उत्तर खरंच द्यावं असं नसतं, पण प्रश्न परतवावा लागतो: "अजून नाही आजी. तुमची नातवंडं किती?" एवढं म्हटलं की पुढची वीस मिनिटं आजी बोलतात आणि त्या वीस मिनिटांत वर्गातल्या आठवड्याइतकं मराठी कानावर पडतं. "गाव कुठलं?" याला "जर्मनी" असं उत्तर दिलं तर आजी म्हणतात, "ते झालं, पण गाव?" म्हणून प्रत्येकाला आपल्या छोट्या गावाचं नाव आणि तिथं काय पिकतं एवढं मराठीत सांगता आलंच पाहिजे.

इथंच पहिली अडचण येते. परदेशी चेहरा दिसला की आपली माणसं मायेनेच इंग्रजीत, नाहीतर हिंदीत सुरू होतात. तेव्हा सोबत्याने हळूच एकच वाक्य म्हणायचं: "मामा, मराठीतच बोला, शिकायला आलेत." रिक्षावाला असो की दुकानदार, चेहरा उजळतो. मग तो सावकाश आणि जरा मोठ्याने बोलायला लागतो. मोठ्याने बोलला तर बोलू द्या.

संबोधनंही पहिल्याच दिवशी लागतात. भाजीवाली मावशी, रिक्षावाले मामा, दुकानातले काका, बरोबरीचा दादा किंवा ताई, गावाच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीत, अक्का आणि अण्णा. नातं जोडून हाक मारली की "तू" म्हणायचं की "तुम्ही" हा घोळही बराच सुटतो. कॉलेजच्या पोरांबरोबर दोन दिवस राहिले की मुलं "काय करायलास बे?" उचलतात आणि ते त्यांना फार आवडतं. आवडू द्या, ते आपलंच आहे. फक्त "बे" बरोबरीच्या मित्रालाच म्हणायचं, आजोबांना किंवा कंडक्टरला कधीच नाही, हे त्याच दिवशी सांगा.

दुसरी फेरी : मंडईत प्रत्येकाला एक काम

लक्ष्मी मंडईत घोळका करून जाऊ नका. दोघादोघांच्या जोड्या करा आणि प्रत्येक जोडीला एक चिठ्ठी द्या. चिठ्ठीवर वस्तूचं नाव नको, काम हवं. उदाहरणार्थ: "चार माणसांना पुरेल एवढी मेथी आणा", "आमटीत काय घालतात ते विचारून ते घेऊन या", "पन्नास रुपयांत जास्तीत जास्त किती प्रकारची भाजी येते ते बघा". मेथीच्या चिठ्ठीवाल्याला पेंडी हा शब्द मावशींकडूनच कळतो. पुस्तकात जुडी असते. वाटा, पावशेर, "लावून द्या", "काढून टाका", हे सगळं तिथंच कानावर पडतं.

खरी कसोटी आकड्यांची. मराठीत एक ते शंभर हे आकडे जवळजवळ एकेक करून पाठ करावे लागतात आणि त्यावर पुन्हा दीड, अडीच, पावणेदोन, साडेतीन. "अडीचशे" ऐकून विद्यार्थी हातात दोनशे ठेवतो आणि गोंधळून उभा राहतो. अशा वेळी पुढे होऊन पन्नासची नोट देण्याचा मोह टाळा. मावशी बोटांवर दाखवतात, हसतात, परत सांगतात. बोटांवर मोजून दाखवलेला अडीच माणूस जन्मात विसरत नाही. पावणेदोन आणि सव्वादोनमधला फरक मला तीन वर्षं फळ्यावर नीट शिकवता आला नव्हता. एका लिंबूवाल्या मावशींनी तो लिंबू मधोमध कापून शिकवला.

घासाघीस करायला शिकवावं का? माझं मत, मंडईत नको. पेंडीमागे दोन-तीन रुपये सोडवून घेण्यात आपल्या पाहुण्याचं काही साधत नाही आणि मावशींचं नुकसान होतं. चाटी गल्लीत कापड घेताना, चादरी घेताना भाव विचारायला, दोन दुकानं फिरायला हरकत नाही. तिथं दुकानदारालाही त्या बोलण्याची हौस असते.

पूर्व भागातली एक दुपार

पुणं सोडून इथं कशाला, याचं माझं उत्तर पूर्व भागात आहे. दत्तनगर, साखर पेठेकडच्या गल्ल्यांत यंत्रमागांचा खटखटाट चालू असतो. मागावर आणि विड्या वळायला बसलेल्यांत कितीतरी जणांची घरची भाषा तेलुगू. पद्मशाली विणकरांची घरं पिढ्यान् पिढ्या इथं आहेत. गावात दुसरीकडे कन्नड बोलणारी घरं, विजापूर वेशीकडे दखनी उर्दू. ही सगळी माणसं रोज मराठीत व्यवहार करतात आणि प्रत्येकाच्या मराठीत त्याच्या घरच्या भाषेचा वास असतो. कुणाचं लिंग चुकतं, कुणाचा प्रत्यय हलतो, आणि त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. आपलं मराठी चुकेल म्हणून आठवडाभर गप्प बसलेली मुलगी इथं येते, साठ वर्षांच्या अक्कांचं मराठी ऐकते आणि बोलायला लागते. मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता या फेरीची तारीख मी मुद्दाम दुसऱ्या आठवड्यातच ठेवते.

मागाच्या कारखान्यात जाण्याआधी मालकाची आणि कामगारांची परवानगी घ्या. केस बांधलेले, ओढणी खोचलेली, हात पट्ट्यापासून लांब. आत मजुरी नगावर असते. माग थांबला की मजुरी थांबते. म्हणून "जरा थांबवून दाखवा" असं कुणालाही म्हणू देऊ नका. आतल्या आवाजात बोलणं शक्यच नसतं, तेव्हा आत नुसतं बघायचं: उभे धागे, आडवा धागा, तो आडवा धागा घेऊन धावणारा धोटा, हळूहळू उमटत जाणारी चादरीची नक्षी. प्रश्न बाहेर, चहाच्या वेळेला. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण तो शब्द वर्गात सांगा. चहाच्या टपरीवर "या एका चादरीला किती वेळ लागतो?" हाच प्रश्न पुरे.

जाण्याआधी तीन भाषांतला एकच प्रश्न पाठ करून घ्या. मराठीत "जेवण झालं का?", कन्नडमध्ये "ऊटा आयता?", तेलुगूत "तिन्नारा?" तिन्ही भाषांत माणसं भेटल्यावर जेवणाचीच चौकशी करतात हे मुलांना कळतं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघण्यासारखं असतं.

परत येताना वाट थोडी वाकडी करून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. विद्यार्थ्याने ही नावं मोठ्याने वाचायची. मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांचा अंमल काही दिवस उठला, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. एवढं चार सोप्या वाक्यांत सांगा. या गावातल्या नुसत्या चार नावांतूनही किती घरच्या भाषा ऐकू येतात ते त्यांना आता आपोआप कळतं.

भैय्या चौकाकडचं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक वेगळ्या दिवशी ठेवा, शक्यतो कुणाची उमेद खचलेली असेल तेव्हा. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, तिथली भाषा शिकला, जखमी सैनिकांवर उपचार केले, तिथंच लग्न केलं आणि १९४२ च्या डिसेंबरात, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला. परक्या भाषेत रुग्णाला "कुठं दुखतंय?" विचारायला त्यांना किती दिवस लागले असतील, यावर आमच्या वर्गात एकदा तासभर गप्पा झाल्या होत्या.

गप्पांची संध्याकाळ, आणि गप्प राहण्याची सकाळ

आठवड्यातून एक संध्याकाळ कुठंही न जाता बसायचं. इथली पाच-सहा माणसं, तेवढेच विद्यार्थी, चहा आणि खेळ. नाव-गाव-फळ-फूल हा खेळ जणू भाषेच्या वर्गासाठीच काढलेला आहे: "क" आला की सगळे कागदावर वाकतात आणि "कलिंगड की कैरी" यावर भांडण होतं. भेंड्या चालतात, पण आपली गाणी त्यांना कुठून माहीत असणार. आधी दोन-तीन कडवी शिकवलेली असतील तरच. पत्त्यांत बदाम सात उत्तम.

याउलट एक सकाळ न बोलण्याची ठेवा. परक्या भाषेत सतत राहणं किती दमवतं हे आपल्याला जाणवत नाही. बार्शी रस्त्याला नान्नजचं माळढोक अभयारण्य वीसेक किलोमीटरवर आहे. वनखात्याकडे आधी चौकशी करून भल्या पहाटे जायचं, गवताळ माळावर काळवीट बघायचे, कुजबुजायचंही नाही. माळढोक दिसेल अशी आशा मात्र दाखवू नका. तो पक्षी आता फारच दुर्मिळ झाला आहे, आणि हे सांगतानाही मन जड होतं. एवढंही जमत नसेल तर विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव, म्हणजे आपला कंबर तलाव, सकाळच्या पक्ष्यांसाठी पुरतो.

घरी जेवायला

हॉटेलातल्या जेवणापेक्षा घरातलं एक जेवण दहापट शिकवतं, अट एवढीच की विद्यार्थ्याला स्वयंपाकघरात येऊ द्या. त्याला भाकरी थापू द्या, फाटू द्या. शेंगा उखळात कुटू द्या. तेल सुटेपर्यंत कुटायचं म्हणजे काय ते हाताला कळतं. कडक भाकरी पहिल्यांदा बघणाऱ्याला ती पापड वाटते. ती महिनोन् महिने टिकते, पूर्वी प्रवासात कशी नेत, दह्यात कशी कुस्करतात, हे घरातल्या मोठ्या माणसाला सांगू द्या.

यजमानांना दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. तिखट बेताचं करा, आणि आग्रह दोनदाच करा. आपला आग्रह हा मान असतो, पण त्यांना "पुरे" म्हटल्यावर पुन्हा वाढलं की आपलं मराठी चुकलं असं वाटतं. विद्यार्थ्याला "बास, पोट भरलं, खूप छान झालंय" हे तीन तुकडे एका दमात म्हणायला शिकवा आणि म्हणताना ताटावर हात आडवा धरायला.

डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत कुणाच्या शेतात हुरड्याचं बोलावणं आलं तर बाकी सगळे बेत रद्द करा. आगटीत भाजलेली कणसं, गरम गरम चोळून हातावर दिलेला हुरडा, बरोबर चटणी, गूळ, दही. सगळे एकाच आगटीभोवती बसलेले असतात, हात काळे झालेले असतात आणि कुणालाच मोबाइल काढता येत नाही. बोलणं आपोआप होतं. भाजणं, चोळणं, पाखडणं, फुंकणं ही क्रियापदं मी वर्गातून काढूनच टाकली आहेत. ती शेतात शिकवते.

सणावारी

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा हा आमचा सगळ्यात मोठा प्रसंग. आदल्या दिवशी वर्गात गोष्ट सांगा: कुंभारकन्येला सिद्धरामेश्वरांशी, म्हणजे तळ्यातल्या देवळातल्या आपल्या ग्रामदैवताशी, लग्न करायचं होतं, ते विरक्त होते, मग त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्नाची परवानगी दिली. भूतकाळाची उजळणी यापेक्षा चांगली होत नाही. गोष्ट माहीत असली की सात नंदीध्वजांची मिरवणूक, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, अडुसष्ट लिंगांची वाट, अक्षता सोहळ्यातली गर्दी, सगळ्याला अर्थ येतो. गोष्टीशिवाय ती नुसती गर्दी असते. होम मैदानावर शिरण्याआधी चुकल्यास भेटायची जागा ठरवा, कारण गर्दीत फोन लागेलच असं नाही.

बाकी वर्षभरात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथोत्सव, त्यात रथावरच कापड विणत जातात. नवरात्रात पूर्व भागातल्या बायकांची बतुकम्मा, म्हणजे तेलुगू घरांतला फुलांचा सण. रमजानच्या महिन्यात विजापूर वेशीचा मीना बाजार आणि ईदला एखाद्या घरचा शिरखुर्मा. गणपतीत १८८५ पासूनचा म्हणून सांगितला जाणारा आजोबा गणपती. सगळं एकाच विद्यार्थ्याला दाखवायचा अट्टहास नको. जो सण पडेल तो, पण कुणाच्या तरी घरातून.

आषाढात शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून पंढरपूरला जाते. तेव्हा विद्यार्थ्यांना बघ्यांत उभं करू नका, पाणी वाटायला लावा. हातात तांब्या असला की माणूस गर्दीतला होतो. आणि शंभर वेळा "माउली, पाणी?" म्हटल्यावर जीभ मोकळी होते.

दिवसभराची सहल : हत्तरसंग कुडल

तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, नळदुर्गचा किल्ला हे सगळं हाताच्या अंतरावर आहे आणि कुणीही तुम्हाला तिथंच जा म्हणेल. भाषा शिकणाऱ्यांसाठी मी हत्तरसंग कुडल निवडते. दक्षिण सोलापुरात, गावापासून चाळीसेक किलोमीटरवर, भीमा आणि सीनेच्या संगमावर दोन जुनी देवळं आहेत. हरिहरेश्वराच्या देवळात ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ च्या सुमारास कोरलेला मराठी लेख आहे. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला आणि सर्वांत जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते.

आदल्या दिवशी त्यातली ओळ फळ्यावर लिहा: "वाछि तो विजेया होईवा". अर्थ सांगू नका. मुलं "वाछि"मध्ये "वाच" शोधतात, "विजेया"त "विजय", "होईवा"त "होईल". पाच-दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "जो वाचेल तो विजयी होईल." मग दुसऱ्या दिवशी त्याच दगडाखाली उभं राहून तीच ओळ ते वर बघून वाचतात. चार आठवड्यांपूर्वी "क" काढायला शिकलेली माणसं हजार वर्षांपूर्वीचं मराठी वाचतात. एका कोरियन विद्यार्थिनीला तिथं रडू आलं. मी काही बोलले नाही, तिलाही बोलायला लावलं नाही.

तिथं जायला गाडी ठरवूनच जा, पाणी आणि डबे बरोबर घ्या. पावसाळ्यात संगमाचं पाणी फसवं असतं. कुणालाही नदीत उतरू देऊ नका, गुडघाभर दिसलं तरी.

अडचणी

फोटो आणि सेल्फीसाठी लोक गराडा घालतात. "नको, माफ करा" हे हसून पण ठामपणे म्हणायला शिकवा. दुसऱ्यांदा मागितलं तर सोबत्याने मध्ये पडायचं. विद्यार्थिनींनी अंधार पडल्यावर जोडीनेच परतावं, वाटेत असताना फोनवरून ठिकाण कळवत राहावं, आणि ११२ हा क्रमांक सगळ्यांना पाठ असावा. पोट बिघडलं, चक्कर आली तर फेरी तिथंच थांबवा. ओआरएसची पाकिटं पिशवीत असतातच. औषध देणं मात्र डॉक्टरचं काम. कुणी घरच्या आठवणीने गप्प झालं असेल तर त्या दिवशी त्याच्याकडून काम करून घेऊ नका. नुसता चहा प्या.

परतल्यावर, आणि शेवटची फेरी

प्रत्येक फेरीनंतर दहा मिनिटं वही उघडायची. विद्यार्थ्याने ऐकलेले पाच नवे शब्द लिहायचे आणि ते कुणाच्या तोंडून आले ते शेजारी: "पेंडी – मंडईतल्या मावशी", "धोटा – कारखान्यातले अण्णा". माणसाबरोबर आलेला शब्द टिकतो. चुका त्याच वेळी सुधारू नका, दुसऱ्या दिवशी वर्गात सुधारा.

शेवटच्या आठवड्यातली फेरी विद्यार्थी ठरवतो आणि सोबत्याला घेऊन जातो. कुठं जायचं, किती वाजता, रिक्षाचं काय बोलायचं, काय खायचं, सगळं त्याने करायचं. गेल्या खेपेला एका मुलाने मला लक्ष्मी मंडईतल्या लिंबूवाल्या मावशींकडे नेलं, त्यांना माझी ओळख करून दिली, "या माझ्या बाई", आणि त्यांच्याशी नातवाच्या परीक्षेबद्दल दहा मिनिटं बोलत उभा राहिला. मी दोन पावलं मागे होते. त्या दिवशी पाकीट घरीच ठेवून जा, म्हणजे रिक्षातून उतरताना आपला हात सवयीने खिशाकडे गेला तरी पैसे तोच देईल.